नुसता आराली

११ जानेवारी, सोमवार

आतेन्यी ग्रुपमधलं बाहेर पोचवते. पुरावा नाही, पण मला खात्री आहे! शनिवारी गल्लीच्या ग्रुपवर कुणीतरी मंत्र्यांच्या ढेरीवर विनोद टाकला. रविवारी चर्चच्या दारात गल्लीचे अध्यक्ष त्याच विनोदावरून सगळ्यांना दटावत होते. ते ग्रुपमध्ये नाहीतच. त्यांची बायको आहे — आतेन्यी. मग?

आणि आज आमच्या आरालीला वीरश्री संचारली. संध्याकाळी ग्रुपवर लिहून मोकळा — "शाळेत मतपेट्या आत्ताच येऊन पडल्यात, कुलूप नाही. गुरुवारच्या मतदानाआधी सगळ्यांनी जाऊन बघा." मी म्हटलं, काढ ते आधी! "डोळ्यांनी बघितलंय मी. खरं बोलायला आता परवाना काढू का?" म्हणाला. नवऱ्याचा अभिमान वाटला.

आतेन्यीने वाचलं असणारच.

१२ जानेवारी, मंगळवार

व्हॉट्सअ‍ॅप बंद! फेसबुक बंद! निवडणुकीत अफवा नकोत म्हणून, असं रेडिओवर सांगतात.

आराली दुकानातून धावत आला. "आण तुझा फोन, व्हीपीएन टाकून देतो. चोरवाट असते, त्यांना दिसत नाही." नाक्यावर फोनदुरुस्तीचं दुकान असल्याचा एवढा तरी फायदा. दिवसभर फोन त्याच्याकडेच होता. परत आणला तेव्हा सगळं चालू — शनिवारच्या लग्नाचा केक मी करतेय, त्याच्या नमुन्याचा फोटोही येऊन पडलेला. वर साखरेचा राजवाडा हवाय त्यांना. हौस बघा!

तो जेवला मात्र नाही. नाचणीच्या उकडीचा गोळा, करो, ताटात तसाच. "पित्त झालंय."

१३ जानेवारी, बुधवार

आतेन्यी बेकिंग पावडर मागायला आली. मागायला की वास घ्यायला, देव जाणे. व्हीपीएनचं मी चकार शब्दाने बोलले नाही.

"बंद केलं ते बरंच झालं बाई," म्हणाली. "विसरलीस? मुलं पळवणारी टोळी म्हणून फोनवर फोटो फिरवला, आणि ते दोघं चटईवाले जमावाने ठेचून मारले. त्यांच्या बायकांना विचार जा, तुझं ते बोलायचं स्वातंत्र्य!"

"मग फोटो फिरवणाऱ्याला धरा ना! सगळ्या देशाचं तोंड कशाला शिवता?"

"धरेपर्यंत माणूस मरतो, आड्येरी."

"आणि तोंड शिवलं की मारणारा कोण तेसुद्धा कळत नाही!"

पावडर घेऊन गेली. तिचं अगदीच चूक नाही, म्हणून तर जास्त राग येतो.

संध्याकाळी व्हीपीएनही मेलं. सगळंच बंद. फोन म्हणजे नुसता आरसा.

१४ जानेवारी, गुरुवार

न्याकोजो सरांना नेलं!

मतदान करून आम्ही परतत होतो. बिननंबरची गाडी, साध्या कपड्यांतली माणसं. शेजारच्या फाटकातून सरांना बाहेर काढलं, पायात एकच चप्पल. "आराली तूच ना?" एवढंच विचारलं. सर हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? त्यांचा एम्पाको आरालीच आहे!

या परक्या मुलखातल्या माणसांना कोण सांगणार — आमच्या टोरो लोकांत नावं हजार, पण एम्पाको जेमतेम डझनभर. मायेने, मानाने हाक मारायची ती त्याच नावाने. दगड मारावा तिथे एक आराली.

कुणाच्या तरी फोनातून काढलेला ग्रुपचा स्क्रीनशॉट होता म्हणे त्यांच्याकडे, मतपेट्यांचा निरोप असलेला. आणि सर ग्रुपमध्ये नाहीतच! बटणांचा, टॉर्चवाला फोन त्यांचा. गणिताचा निवृत्त मास्तर, उत्तरपत्रिकेशिवाय आयुष्यात कशावर शेरा मारला नाही.

माझा वाचला — हेच मनात आधी आलं. माझीच मला लाज वाटली.

१५ जानेवारी, शुक्रवार

आरालीला म्हटलं, चल, सांगून टाकू. तू लिहिलंस, सरांनी नाही.

"वेडी आहेस? मी आत गेलो की सर बाहेर येतील? दोघंही आत बसू!"

"त्यांना साखरेचा आजार आहे."

"मग मी काय करू? ग्रुपचा स्क्रीनशॉट कुणी दिला ते शोध आधी. अध्यक्षांच्या घरात बघ!"

बरोबरच आहे त्याचं. सकाळी नळावर आतेन्यी भेटली. मी नुसतं "काय, बरं आहे ना?" म्हटलं — एम्पाको न घेता! आमच्यात वैऱ्यालाही कोणी असं करत नाही. तिचा चेहरा पडला. हंडा अर्धाच भरून गेली.

बरं वाटलं मला. खूप बरं वाटलं!

१६ जानेवारी, शनिवार

केक पोचवला. राजवाडा वाटेतच कलंडला.

१७ जानेवारी, रविवार

आतेन्यी घरी आली. न बोलावता. आराली दुकानात होता.

"नळावर काय झालं होतं गं तुला?" असं सरळच विचारलं तिने. मीही सरळ म्हटलं — ग्रुपमधलं बाहेर कोण नेतं? ढेरीचा विनोद अध्यक्षांना कुणी सांगितला?

"मीच! हसतील म्हणून सांगितला. नवऱ्याला विनोदही सांगू नये? हसले तर नाहीतच, उलट सगळ्यांना झापत सुटले."

मग कळलं, ती रोज ठाण्यावर जाते. सरांना जेवण नेते, गोळ्या नेते. साहेबाशी भांडते. आम्ही कुणी फाटकाबाहेर पडलो नाही आणि ही —

"शेवटी साहेबाने त्या स्क्रीनशॉटचा छापील कागद दाखवला," सांगत होती. "वर लिहिलंय 'आराली'. नुसतं आराली! मी म्हटलं, साहेब, ज्याच्या फोनातून हे काढलं, त्याने जसं नाव साठवलं तसंच दिसणार ना? माझ्या फोनात आराली नळवाला आहे, आराली बकरीवाला आहे, आराली बुटका आहे. नुसता आराली कोण ठेवतं? आणि नावापुढे बदाम! लाल असणार, कागदावर काळा उमटलाय. त्या म्हाताऱ्याच्या नावापुढे बदाम कोण काढणार हो? साहेबसुद्धा हसला. उद्या सोडतो म्हणाला."

मीही हसले. जोरात हसले. मग हसू थांबलं.

"काय झालं गं, आड्येरी?"

"पित्त," म्हटलं.

ती गेल्यावर फोन उघडला. बदाम तिथंच आहे. नाताळात फोन आणून दिला तेव्हा त्यानेच टाकला होता. "बाकीचे आराली वेगळे, मी वेगळा!"

मंगळवारी फोन दिवसभर त्याच्याकडे होता.

१८ जानेवारी, सोमवार

इंटरनेट सुरू झालं. सर आले, भिंतीला धरून चालतात. कुंपणापाशी थांबून म्हणाले, "मला नेणारे सांगत होते, नाक्यावरच्या दुकानातून घर दाखवलं. गर्दीत कुणी बोललं असेल, नाही का, आड्येरी?"

मी घरात आले. चहा ओतला. लग्न झाल्यापासून आरालीला कधी ज्या खऱ्या नावाने हाक मारली नाही, त्या नावाने मारली.

"चहा घे, रुसोके."

त्याने कप घेतला. का, म्हणून विचारलं नाही.