आमच्या कॉम्प्युटरसाठी विश्वासू सिस्टीम

३ जून, सकाळ
कॉम्प्युटरवर पुन्हा तीच सूचना: जुनी सिस्टीम आता सुरक्षित नाही, नवीन मोफत घ्या. मोफत! दुकानदार साधी पिशवी मोफत देत नाही. कुठेतरी पाणी मुरतंय.
बाबा म्हणाले, घरात पदवीधर तूच, तूच ठरव. ठरवीन. आईचं भरतकाम या डब्यावर चालतं. गणवेशांवरचे शाळांचे बॅज ती यावर आखते, मग मशीन ते शिवतं. एकही डिझाइन हरवता कामा नये.

४ जून
कंपन्या पाळत ठेवतात म्हणे. कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. दादा म्हणाला, अगं शहाणे, याला कॅमेराच नाही, तो मॉनिटरचा दिवा आहे. दादाला इतकी खात्री कशी? पट्टी काढलेली नाही.

७ जून
निर्णय झाला. जगभरचे स्वयंसेवक मिळून बनवतात ती सिस्टीम. ना कंपनी, ना नफा. वाचताना डोळे भरून आले.
संध्याकाळी पाल चुकचुकली: इतकी माणसं फुकट का राबतात? पण ध्येयवादावरच संशय घ्यायचा तर उरलं काय! उद्याच बसवते.

८ जून
आईने विचारलं, माझे बॅज सांभाळशील ना? याच आठवड्यात गणवेश द्यायचेत. म्हटलं, निर्धास्त राहा. दादा म्हणाला, पेन ड्राइव्हवर कॉपी घे. पेन ड्राइव्ह त्याचा. नको. इंटरनेटवर ठेवणं म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या. सगळं डी ड्राइव्हमध्ये हलवलं. घरचं घरातच.

दुपार
नवी सिस्टीम विचारते, डिस्क पूर्ण पुसू का? अर्धवट पुसली तर कंपनीचा एखादा हेर मागे राहणार. पूर्ण!

संध्याकाळ
डी दिसत नाही. सी आणि डी म्हणजे दोन स्वतंत्र खोल्या, अशी माझी समजूत. निघाले एकाच कपाटाचे दोन कप्पे. शिवाय भरतकामाचं मशीन नव्या सिस्टीमला ओळखू येत नाही.
प्रामाणिकपणे आईला लगेच सांगितलं. कंपनीचा दोषही सांगितला. आई बोलेनाशी झाली की बाबा चपला घालतात. घातल्या.

९ जून
दादाने कॉम्प्युटरच्या दुकानातल्या माणसाला आणलं. तो जुनीच सिस्टीम टाकत होता. मी मागे उभी राहून त्याच्या हातांवर लक्ष ठेवलं. आईने मला चहा करायला पाठवलं. चहा झाल्यावर पुन्हा पाठवलं.

११ जून
आई आणि दादा गेल्या वर्षीचा उरलेला एक गणवेश समोर ठेवून बॅज नव्याने आखताहेत. आईचे डोळे लाल. मदतीला गेले तर दादा म्हणाला, बाईसाहेब, आपण विश्रांती घ्या. शिक्षणाची कदर आहे घरात.

१४ जून
गणवेश गेले एकदाचे. पण माझा संशय खरा ठरला! कॉम्प्युटर आता पासवर्ड मागतो. आपण तर कधी ठेवला नव्हता. घरच्यांना विचारलं तर सगळे पंख्याकडे बघायला लागले. कंपनीने किती दहशत बसवली आहे!
आईला उघडतो. दादाला उघडतो. माऊस उलटा धरणाऱ्या बाबांनासुद्धा उघडतो. अडवतो फक्त मला.
बरोबरच आहे. या घरात खरा धोका कोणापासून आहे, ते कंपनीने अचूक ओळखलं.