वायनरी आणि लागलेली खीर

सांता फे, १० ऑक्टोबर २००४

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन केला असता, पण हे दिवसभर घरातच असतात, म्हणून पत्र.

ज्यांनी जन्मभर पार्ट्यांत सरबत मागितलं, त्यांनी परवा मला वायनरीत नेलं. रखरखीत वाळवंट, सात हजार फूट उंची, चार पावलांत धाप लागते, आणि मधेच द्राक्षांचा मळा. टेस्टिंग रूममधली बाई यांना बघताच 'डॉक' म्हणाली. म्हणजे ही पहिली खेप नव्हे. ती प्रत्येक वाइनमधले वास सांगत होती, चेरी, मिरी, चामडं. हे पेल्यात नाक खुपसून बसायचे आणि मग सगळी वाइन बादलीत ओतायचे. माझ्यासमोर प्यायची लाज, दुसरं काय?

घरी आल्यावर मस्का सुरू. काल खीर तळाला लागली, घरभर जळका वास. यांनी दोन वाट्या खाऊन 'झकास' म्हटलं. चोराच्या मनात चांदणं. मला फार भीती वाटते गं.

उत्तर लवकर धाड.
तुझी,
उल्का

पिस्कॅटवे, १६ ऑक्टोबर २००४

चि. सौ. उल्का हिस,
अनेक आशीर्वाद.

चोरून पिणारा माणूस बायकोला बरोबर नेत नाही, वेडाबाई. मला काळजी खिरीची वाटते. तुझ्या लग्नात मांडवात बसल्या बसल्या वासावरून वरणात हिंग कमी आहे म्हणणारे शशिकांतराव, लागलेली खीर मुकाट खातात?

भांडू नकोस. त्यांना डोळे मिटायला सांग आणि हिंगाची डबी नाकाशी धर.

सगळ्यांना जप.
तुझी ताई,
वसुधा

सांता फे, २३ ऑक्टोबर २००४

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

डबी धरली. हे आधी हसले, मग 'वेलदोडा' म्हणाले. मला रडूच आलं.

उन्हाळ्यापासून वास येत नाही. आधी इथल्या कोरड्या हवेला दोष दिला. पण स्वतः डॉक्टर, कधी कधी कंपवाताची सुरुवात अशी होते हे यांना माहीत. मला सांगायचा धीर होईना. वायनरीत पेला कितीही वेळ हुंगला तरी कोणी कारण विचारत नाही, म्हणून तिथे जायचे. एखादा तरी वास येतो का बघायला. मला नेलं तेही तिथे सगळं सांगायचं ठरवून, पण जमलं नाही.

मंगळवारी तपासणी आहे. त्याआधी उद्या दोघं पुन्हा वायनरीत जातोय. पेले मी हुंगणार आहे, आणि कसला वास येतो ते यांना मराठीत सांगणार आहे.

तुझी माया अशीच राहू दे.
उल्का