मधल्या एका वर्षाचं पत्र

४ मार्च

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

पत्र पोचताच कामाला लाग. माझ्या खिडकीसमोरचं मैदान एका बिल्डरने मागितलंय. म्हणतो, वीस वर्षं जागा पडीक आहे, तिथे कुणी फिरकत नाही. माझं डोकंच फिरलं! शिलाईच्या खोलीची किती तावदानं पोरांच्या चेंडूंनी फोडली ते मला विचार म्हणावं. नगरपालिकेच्या साहेबांनी एकवीस तारखेला सुनावणी ठेवलीय. वीस वर्षांपैकी प्रत्येक वर्षी मैदान वापरात होतं याचा लेखी पुरावा आणा म्हणाले. आता मैदानात बसल्याची पावती कोण ठेवतं?

मग आठवलं, इतकी वर्षं मी तुला पत्रांतून त्या मैदानाच्याच नावाने खडे फोडतेय. तू फाटक्या चपलाही टाकत नाहीस, तेव्हा पत्रं असणारच. पाठव. भावजयीला सांग, तिचा कोट होत आलाय, बाह्या तेवढ्या राहिल्यात.

माया आहेच, लिहून दाखवत नाही.
ताई

९ मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

एकोणीस वर्षांची एकोणीस पत्रं सोबत आहेत. प्रत्येकात मैदान आहे, आणि तुझा संताप. आम्ही दोघं पोट धरून हसलो. पण बेकरीवाल्याला तू दोनदा ‘फुगलेला पाव’ म्हटलंयस. तो तुमच्या मैदान समितीचा अध्यक्ष, आणि पत्रं भर सुनावणीत मोठ्याने वाचणार, तेव्हा त्याला आधीच सांगून ठेव.

विसावं पत्र मी मागे ठेवलंय. बारा वर्षांपूर्वीचं. आई अंथरुणाला खिळली होती, त्या वर्षी तू तेवढं एकच लिहिलंस. त्यात कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याबद्दल आहे. एक वर्ष कमी पडलं तर पडू दे, चारचौघांत तुझी शोभा नको. तू म्हणशील तसं.

रागावू नकोस, आणि रागावलीस तरी लिहीत जा.
धाकटा

१३ मार्च

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

तुझं पत्र आल्यापासून शिवतेय कमी, उसवतेय जास्त. तुझ्या बायकोच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. लाज वाटते रे! सायकलवाल्याने मला त्या मैदानात सायकल शिकवली, लग्नाचं विचारलं, आणि मी तोंडावर नाही म्हणून मोकळी झाले. खरं काय ते तुलाच लिहिलं होतं. तेव्हापासून आमचं बोलणं ऊन-पावसापलीकडे गेलेलं नाही.

पण साहेबांनी बजावलंय, एकही वर्ष गळलेलं चालणार नाही. काल खिडकीतून पाहिलं, शेजारची चष्मेवाली म्हातारी मैदानात फेऱ्या मारत होती. तिच्या घरात चार पावलं सलग टाकायला जागा नाही. ती कुठे जाईल? पाठवून दे ते पत्र. माझी लाज माझी मी बघेन.

काळजी करू नकोस, मी करतेय तेवढी पुरे.
ताई

२३ मार्च

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

जिंकलो! साहेबांनी निकाल दिला, मैदान सगळ्यांचं. ‘फुगलेला पाव’ ऐकून सगळ्यांत मोठ्याने बेकरीवालाच हसला. मग कारकुनाने विसावं पत्र वाचलं. ‘आज मैदानात सायकल शिकले, आईला सोडून जाता येत नाही म्हणून त्याला नाही म्हटलं, पण मनात हो होतं.’ सगळं, अगदी स्वल्पविरामासकट! मी मान वर केली नाही. केली तेव्हा सायकलवाल्याची खुर्ची रिकामी होती. मला वाटलं, संपलं, आता हा तोंडही बघायचा नाही.

आज सकाळी दार उघडलं तर पायरीशी तीच जुनी सायकल. टायर नवे, सीट माझ्या उंचीला खाली केलेली. तो मैदानात उभा होता. बारा वर्षांत सांगितलं का नाही, एवढंच त्याने विचारलं. मी म्हटलं, लेखी दिलं होतं, फक्त पत्ता चुकला.

दोन फेऱ्या मारल्या. दुसरीत त्याने मागचा हात केव्हा काढला, कळलंच नाही. भावजयीला सांग, उजव्या बाहीला जरा उशीर होईल.

या पत्रात मैदान आहे, तारीखही आहे. जपून ठेव.
तुझी ताई