शेवाळी खोली

४ मार्च, सोमवार
आज पुन्हा तेच. आई पिशवी भरून पलंगाच्या कडेला बसलेली. "निघू या का? घरी वाट बघत असतील." तिला माझ्याकडे आणून तीन महिने झाले. रोज समजावते, आज मात्र ओरडले. मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. ते घर विकून टाकलंय, हे तिला किती वेळा सांगायचं?
ठरवलं — तिची खोली शेवाळी करायची. जुन्या घरासारखी.

५ मार्च
भावाला फोन केला. "भिंती रंगवून आठवण परत येते होय? डोकं फिरलंय तुझं." फिरलंय तर फिरलंय. हा वर्षातून दोनदा येणार आणि सल्ले देणार!
बाबा कारखान्यात यंत्रांना रंग द्यायचे. तिथला गडद शेवाळी त्यांच्या डोळ्यांत इतका बसला की घरीही तोच आणला. खिळे, बटणं, खुंट्या — काही काढायचं नाही, सगळ्यावरून सरळ ब्रश. आत्या म्हणायची, "वहिनी, तुझ्याकडे आलं की विहिरीत उतरल्यासारखं वाटतं." मला मात्र तो गारवा आवडायचा. आई त्या भिंतीला टेकून भाजी निवडायची. फार आठवतं ते सगळं.

७ मार्च
जुन्या घरून आणलेली खुंट्यांची फळी माळ्यावर सापडली. साबणाने लख्ख धुऊन रंगाच्या दुकानात नेली. दुकानदाराने तंतोतंत जुळवून दिला. डब्यावर लिहिलंय डार्क ऑलिव्ह ग्रीन. आमचा आपला शेवाळी.

९ मार्च, शनिवार
चुकलं! पहिला हात झाला आणि खोली परकी वाटायला लागली. रंग तोच, पण फार कोरा. जेवताना डोक्यात प्रकाश पडला — आमच्या भिंतीवर स्टोव्हचा धूर होता, आईच्या केसांचं तेल होतं. ते सगळं मीच फळीवरून घासून काढलं आणि मग रंग जुळवायला गेले. शहाणीच मी.
रंगाऱ्याला म्हटलं, यात थोडा काळा मिसळा, जरासा तपकिरी. तो बघतच राहिला. "ताई, नवा रंग जुना करून मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच." पण मिसळला.

११ मार्च
दुसरा हात. दारात उभी राहिले. बाबा आत्ताच ब्रश धुवायला मोरीत गेलेत, असं वाटलं.
वास जाईपर्यंत आई माझ्या खोलीत. तिथेही पिशवी उशाशी.

१३ मार्च
सकाळी खिडकीची एक कड राहिली होती, ती मीच रंगवली. तशाच माखलेल्या हातांनी आईला आणलं.
ती उंबऱ्यात थबकली. भिंतीवरून हात फिरवला. मग पिशवी उघडून एकेक कपडा कपाटात लावला. तीन महिन्यांत पहिल्यांदा.
माझ्याकडे वळून हसली. "छान काम केलंत हो, बाई. आता निघालात तरी चालेल. माझी मुलगी शाळेतून यायची वेळ झाली."
मी चपला घालून बाहेर गेले. जिन्यात जरा वेळ बसले. मग बेल वाजवली.