टेपखालचा ठसा

३ एप्रिल

रायफलीची नवी नळी आली. नेहमीप्रमाणे काडतुसाच्या मापाचे आकडे आधी ठोकले, काडतूस बसायची जागा, म्हणजे चेंबर, उद्या कापेन. नळीचा दांडा मोकळा असताना ठोकलं की आकडे नीट उमटतात. बंदुकांचं दुकान काढल्यापासून, म्हणजे बावीस वर्षं, असंच करतेय. फक्त पाचाचा ठसा डावीकडे कलतो. नवा मागवायला हवा — दर वर्षी म्हणते!

५ एप्रिल

वेंडेल हॉगस्टॅडच्या मेंढवाड्यात अपघात. त्याची लेक सिग्ने कोकरं पळवणाऱ्या कोयोटीवर, इथल्या रानटी कोल्ह्यावर, गोळी झाडत होती. काडतुसाची टोपी मागच्या बाजूनं फुटली, गरम वायू थेट उजव्या डोळ्यात. शहरात नेलंय. ऐन कोकरं जन्मायच्या दिवसांत, आणि घरात बाप-लेक दोघंच.

७ एप्रिल

वेंडेल ती रायफल घेऊन आला. मागच्या शरदात लिलावात घेतलेली. नळी अजून पांढऱ्या टेपमध्ये! बर्फात कोयोटीला दिसू नये म्हणून अख्खा मोंटाना गुंडाळतो, पण बर्फ गेल्यावर सोडवायचा मात्र सगळ्यांनाच कंटाळा.

त्यानं झाडलेल्या काडतुसांच्या मूठभर रिकाम्या पुंगळ्या टेबलावर ओतल्या. सगळ्या लष्करी, ५.५६.

"तुझी रायफल बाजारी .२२३ ची असणार," मी म्हटलं.

"नळीवर ५.५६ लिहिलंय."

"वेंडेल, काडतूस आत बसलं म्हणजे चाललं असं नसतं. डावा बूट उजव्या पायातही जातो."

"टेप लावायच्या आधी वाचलंय मी, गर्डा. वाचता येतं मला!"

मी हसले. हसायला नको होतं.

दोन्ही काडतुसं बाहेरून जुळी. पण लष्करी चेंबरमध्ये गोळीच्या पुढे थोडी मोकळी जागा ठेवतात, .२२३ मध्ये ती कमी. तिथे लष्करी काडतूस घातलं की गोळी निघताक्षणी नळीच्या आतल्या आट्यांना भिडते आणि दाब चढतो. उलटं, म्हणजे .२२३ लष्करी रायफलीत, चालतं. खरं तर हेही बहुतेक वेळा खपून जातं, तेच वाईट. शंभरदा काही होत नाही, मग माणूस दुसऱ्यालाही सांगायला लागतो — घाल गं, सारखंच असतं.

९ एप्रिल

चेंबरमध्ये धातू ओतून साचा काढला. मोजला, पुन्हा मोजला. .२२३. शंकाच नाही.

टेप सोलली नाही. गोंद निघता निघत नाही, आणि नळीच्या आतलं माप हातात असताना बाहेर कशाला बघायचं?

१० एप्रिल

कॅफेत सगळ्यांनी विचारलं. सांगितलं — वेंडेलनं नळी वाचलीच नाही. दालचिनी रोल संपायच्या आत बातमी गावभर. मला त्यात विशेष वाटलं नाही. माझं कामच आहे ते.

१२ एप्रिल

सिग्नेचा फोन. उजव्या डोळ्याची नजर अर्धीच येईल, म्हणाले डॉक्टर.

"गर्डामावशी, बाबा शपथ घेतात की त्यांनी वाचलं होतं. तू म्हणतेस, नाही. मी कुणाचं खरं मानू?"

"साच्याचं मान."

ती म्हणाली, "चूक झाली म्हणाले असते ना, तर मी राहिले असते गं. पण माझ्या तोंडावर खोटं बोलतात! मंगळवारी दहाच्या बसनं जातेय मी. स्पोकेनला, आईकडे."

"आणि कोकरं?"

"त्यांचं ते बघतील."

वाईट वाटलं. पण माप ते माप.

१३ एप्रिल

वेंडेलचा ट्रक दुकानावरून गेला. इथे अनोळखी माणसालाही नमस्कार म्हणून स्टीअरिंगवरचं एक बोट उचलतात. त्यानं उचललं नाही.

१४ एप्रिल

कालची गोष्ट डोक्यातून जात नाही. वेंडेल हट्टी आहे, चिकट आहे, पण खोटं बोलताना मी त्याला कधी पाहिलेलं नाही. असो. रायफल परत द्यायचीय, सकाळी साफ करेन.

१५ एप्रिल, मंगळवार

टेप सोलली. गोंद रॉकेलनं पुसला.

५.५६. स्वच्छ, ठळक. वेंडेलनं बरोबर वाचलं होतं.

दोन्ही पाच डावीकडे कललेले.

ही नळी माझीच. ती केली त्या वर्षी एकदम सहा नळ्या केल्या होत्या. आकडे आधी ५.५६ चे ठोकले, चेंबर मागून .२२३ चं कापलं. बाकीच्या पाच कुणाकडे आहेत ते शोधायचंय.

साडेनऊ झाले. सिग्नेची बस दहाची. नळी बरोबर घेऊन निघतेय.