समासातलं नाक

प्रिय दादा,

तू गेल्यावर रडायचं ते रडून झालं. हे पत्र रडण्याचं नाही, भांडणाचं आहे. उद्या सकाळी प्रकाशकांचा माणूस तुझ्या लेखांची फाईल न्यायला येतोय. पुस्तक निघणार आहे तुझं! म्हणून काल पानं लावायला ती निळी फाईल उघडली, तर तळाशी तुझी प्रस्तावना सापडली.

ही कधी लिहिलीस रे? आणि मला न दाखवता?

तू तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक, मी सातवीनंतर शाळा सोडलेली, आमसुलं करून विकणारी. वहिनी गेल्यावर घरात आपण दोघंच उरलो. रविवारी रत्नागिरीच्या पेपरात तुझा लेख यायचा, पण त्याआधी गुरुवारी तो माझ्यासमोर यायचा. मी पडवीत हंगामात आमसुलांसाठी रातांबे फोडत, एरवी तांदूळ निवडत बसलेली, आणि तू समोर बसून वाचायचास. मग हात पदराला पुसून मी पेन्सिल घ्यायचे. जे डोक्यावरून जाईल त्याच्या शेजारी समासात लिहायचे, ‘ना. क.’ म्हणजे ‘नाय कळला’.

“आज किती वेळा नाक कापलंस माझं?” तू विचारायचास.

“चार वेळा. पयल्याच वळीत दोन!”

आणि तू कुरकुरत पुन्हा लिहायला बसायचास. नियम तुझाच होता, ज्या पानावर नाक आहे ते पान छापायला जायचं नाही.

मांगराचा लेख आठवतो? वस्तूचे सगळे भाग बदलले तर वस्तू तीच राहते का, असं काहीतरी तू वाचत होतास आणि मी नाकावर नाक काढत होते. शेवटी वैतागून म्हटलं, “दादा, आपल्या कलमांच्या बागेत राखणीला बांधलेल्या मांगराचे वासे बदलले, कौला बदलली, चिरे पन नवे घातले. तरी आपन आजोबांचाच मांगर म्हनतो ना?” तू ताडकन उभाच राहिलास. “शालू, हाच लेख!” म्हणालास. तो छापून आल्यावर नाटे गावच्या एका होडीवाल्याचं पत्र आलं. होडीच्या सगळ्या फळ्या बदलून झाल्या, तरी ती बापाचीच का वाटते ते आज कळलं, असं त्याने लिहिलं होतं. ते पत्र तू मला तीनदा वाचून दाखवलंस. इतका खूश झालेला तू मला आधी कधी दिसला नव्हतास.

आता तुझी प्रस्तावना ऐक. “प्रस्तुत लेखन एका अल्पशिक्षित गृहिणीच्या आकलनमर्यादेत राहून करावे लागल्याने विषयाची सखोलता अपरिहार्यपणे बाधित झाली आहे. विद्वज्जनांनी क्षमा करावी.”

करावे लागल्याने? जबरदस्ती केली होती का कुणी तुझ्यावर? आणि गृहिणी कुणाची रे मी? लग्न तरी कुठे केलं मी? ‘माझी बहीण शालू’ एवढं लिहायला इतकं जड गेलं तुला?

अल्पशिक्षित म्हणालास याचा राग नाही. आहेच मी. राग क्षमा मागितल्याचा आहे. माझ्यासाठी सोपं लिहिलंस, हा काय गुन्हा होता? मला वाटायचं आपण दोघं मिळून काहीतरी करतोय, आणि तुला वाटत होतं मी तुझ्या पायात अडकलेय. विश्वासघात म्हणतात याला, दादा. हा शब्द मला कुणी सोपा करून सांगायला नको.

हे कुठून आलं तेही ठाऊक आहे मला. पुण्याच्या त्या चर्चासत्राहून परत आलास तेव्हा दोन दिवस धड जेवला नव्हतास. कुणीतरी हसून विचारलं होतं ना, “सर, तुम्ही ते पेपरातलं लिहिता ना, बायकांसाठी?” तेव्हा सांगायचं होतंस त्यांना मांगराचं! होडीवाल्याचं पत्र काढून दाखवायचं होतंस! तिथे तोंड उघडलं नाहीस, आणि घरी येऊन नाक कापलंस ते माझं. तेही चार लोकांत, छापायच्या पानावर.

काल दुपारभर ते पान हातात धरून बसले होते. चुलीत घालावं असंही मनात आलं. मग पाहिलं, तर बाकी प्रत्येक पानावर माझी पेन्सिल आहे, कळल्यावर खोडलेली नाकं आहेत, कुठे कुठे रातांब्याने लाल झालेल्या अंगठ्याचा डागही आहे. याच एका पानाचा समास कोरा होता.

मग पेन्सिलीला टोक काढलं आणि गुरुवारी वाचायचे तसं सावकाश वाचलं. ‘सखोलता बाधित’शेजारी एक ना. क. काढलं, ‘क्षमा करावी’शेजारी दुसरं. रागाने नाही काढलं. खरंच नाही कळलं मला.

आता नियम तुझाच आहे. उद्या सगळी फाईल जाईल, हे पान जाणार नाही. त्या माणसाने विचारलंच, तर सांगेन, सरांची प्रस्तावना अजून व्हायची आहे.

एवढा शब्द देते, पान फाडणार नाही आणि कुणाला दाखवणारही नाही. तू तिथे दुसरी लिहून ठेव. मी आले की समोर बसून वाच. पेन्सिल मी घेऊन येईन.

तुझी
शालू (सातवी पास)