एक मेची ग्रामसभा

मुंबई,
११ जानेवारी २०२६

प्रिय गोविंदादादा,

आईला नमस्कार, वहिनीला आठवण आणि आपल्या धाकट्या गणेशला माझ्याकडून एक धपाटा. तिळगुळाचा डबा सिंधूआत्याबरोबर पाठवतेय. ती मंगळवारी मलकापूरला उतरेल. हे पत्र मुद्दाम डब्यात कागदाखाली ठेवलंय, डबा तुझ्याच हातात द्यायला आत्याला सांगितलंय. एकट्यानं वाच. आईला वाचायला देऊ नकोस, तिच्या डोळ्याची पट्टी निघाली असली तरी.

फोन का केला नाही, तर मागच्या तीनही वेळा तुझ्या मागे कुणीतरी खाकरत होतं. कोण आहे म्हटलं तर म्हणालास टीव्ही. दादा, आपल्याकडचा टीव्ही दिवाळीपासून बंद आहे.

हरभरा कसा आहे? इकडे थंडी नावालाच. आमच्या मॅडम, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी काम करते त्या, रजेवर होत्या, त्यामुळे आपल्या गावाजवळच्या सोलर प्लांटची फाइल पूर्ण माझ्याकडे आली. तू गावभर मला ‘लाइटीची वकील’ म्हणून सांगतोस ना, तेच हे काम. प्लांटची वीज ३१ ऑक्टोबरच्या आत सुरू व्हायला हवी होती. झाली नाही. आता ठरलेला दर टिकवायचा असेल तर प्लांटच्या कंपनीला, म्हणजे आमच्या अशिलाला, वीज आयोगापुढे दाखवावं लागेल की उशीर तिच्या हातातला नव्हता. कंपनी म्हणते, गावकऱ्यांनी मेपासून ऑगस्टपर्यंत लाइन ओढू दिली नाही. मला ठाऊक आहे की ट्रान्सफॉर्मरच चार महिने उशिरा आला. तसं कळवणारं पत्र त्याच फाइलमध्ये होतं. मॅडम रजेवरून येईपर्यंत ते गायब झालं. कुणी काढलं, विचारायची मला हिंमत झाली नाही.

गेल्या सोमवारी कंपनीच्या रवीसाहेबांनी पुरावा आणून दिला. आपल्या ग्रामसभेचा ठराव. दिनांक १ मे २०२५, सकाळी साडेआठ. लाइनीला गावाचा विरोध, काम बंद पाडायचं. सूचक, गोविंदा. खाली तुझी सही, ती नेहमीची, शेपटी ओढलेली. विरोध करणाऱ्यांचे म्होरके तीन: अश्वजित, माणिकराव, इंद्रभान.

मी ती सही भिंगाखाली पाहिली. तुझी नसावी म्हणून पाहिली.

एक मेला सगळीकडेच ग्रामसभा असते, म्हणून ज्यानं कागद केला त्यानं ती तारीख बिनधास्त घातली असणार. त्याला काय माहीत, त्या वर्षी आदल्या दिवशी अक्षय तृतीया होती आणि आपलं अर्धं गाव भेंडवळला घटमांडणीचं भाकीत ऐकायला गेलं होतं! पण तू? तू तर माझ्या शेजारी बसला होतास. रात्रभर शेताच्या बांधावर जागलो, पहाटे पीकपाण्याचं भाकीत ऐकलं, येताना जळगाव जामोदच्या अलीकडे टायर बसलं. जीप अश्वजितची. वहिनीनं त्याला विचारलं होतं, तू तर हे मानत नाहीस, मग आलास कशाला? तो म्हणाला, “मी भाकीत ऐकाले नाही आलो वहिनी, ऐकतानी तुमचे चेहरे कसे होतात ते पाह्याले आलो.” तू सगळ्यात जास्त हसलास. गावात पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता आणि ग्रामपंचायतीच्या दारावर चिठ्ठी होती, गणपूर्ती न झाल्यानं सभा तहकूब.

आणि साडेआठला म्हणे तू तो ठराव मांडत होतास.

बुधवारी मी तुला फोनवर सहज विचारल्यासारखं विचारलं. तू म्हणालास, “काऊन वं, एवढं काय इचारून राह्यली? कागद आला न, लाव.” मग म्हणालास, ही ‘हाताबाहेरची परिस्थिती’ आहे. दादा, हे शब्द तुझे नाहीत. ते तुला कुणीतरी शिकवले. त्याच दिवशी आईनं कौतुकानं सांगितलं की गणेश प्लांटवर सुपरवायझर म्हणून लागतोय. मी अभिनंदनसुद्धा केलं नाही, तिला वाईट वाटलं असेल.

तुला कदाचित वाटत असेल, कागदच तर आहे, कुणाचं काय बिघडतं. अश्वजितचं बिघडतं. तलाठी भरतीच्या निवड यादीत त्याचं नाव लागलंय, चारित्र्य पडताळणी बाकी आहे. कंपनी हाच ठराव घेऊन पोलिसांत जाणार आहे, मसुदा मी वाचलाय. पाच वर्षं अभ्यास केलेल्या पोराची नोकरी एका सहीनं जाईल. तीही त्याच्याच जीपमधून हिंडलेल्या माणसाच्या सहीनं.

इथपर्यंत लिहून मी उठले, चहा केला, तो निवला. पुढचं लिहायचं टाळत होते.

दिवाळीत ओट्यावर बसून मी तुला विचारलं होतं, आपल्या गावात अशा कामांना आडवं जाणारं कोण? तू गमतीनं तीन नावं घेतलीस, ग्रामसभेत प्रश्न विचारणारी. मी वहीत लिहिली. नोव्हेंबरच्या बैठकीत रवीसाहेब म्हणाले, काहीतरी मार्ग सांगा. मीच सांगितलं की गावचा विरोध ही हाताबाहेरची परिस्थिती धरता येते, ग्रामसभेचा ठराव असेल तर उत्तम. वही टेबलावर उघडी होती. तुझा नंबरही मीच दिला, गावात माझा भाऊ आहे म्हणून, मोठ्या ऐटीत. ठरावात ती तीन नावं माझ्या वहीतल्याच क्रमानं आहेत. आठवडाभर मी तुझ्यावर संशय घेत होते, कारण माझ्यावर घेणं अवघड जात होतं. मला माझी लाज वाटते दादा.

शपथपत्र शुक्रवारी दाखल व्हायचंय. गुरुवारी मी मॅडमना सांगणार आहे की त्या सकाळी मी भेंडवळहून येत होते. ट्रान्सफॉर्मरचं पत्र गेल्याचंही सांगणार आहे, आणि नावं कुठून गेली तेही. साक्षीदार असलेल्या वकिलाला तोच खटला चालवता येत नाही, तेव्हा हे काम माझ्याकडून जाईल, बहुधा नोकरीही. मोबाइलवर टायर बदलतानाचा फोटो आहे, आठ वाजून चाळीस मिनिटांचा. अश्वजित जॅक फिरवतोय आणि तू त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा आहेस. तो फोटो मला दाखवावा लागेल. त्याआधी तू स्वतः ग्रामसेवकाकडे जाऊन लिहून दिलंस की अशी सभा झालीच नाही, तर तुझ्यावर कमी येईल. बुधवार पूर्ण हातात आहे.

एक शंका मात्र अजून जात नाही, आणि ही एकच खरी निघावी असं वाटतं. वर्षभरात तीनशे पासष्ट दिवस होते. कोऱ्या कागदावर त्यांनी तुला तारीख विचारली असेल, तेव्हा हीच का सांगितलीस? फाइल माझ्याकडे येणार हे तुला ठाऊक होतं. मी बघेन आणि थांबवीन, म्हणून तर नाही?

तसं असेल तर बुधवारी फोन कर. मागे कुणी खाकरत असलं तरी चालेल.

त्या सकाळी तुझ्या शेजारी बसलेली,
छकुली